दादा दर वेळी हरवतो, मी शिकणार कधी?

प्रश्न (पत्र थोडं आटोपशीर केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत): मी २६ वर्षांचा आहे, नोकरी करतो. संध्याकाळी तास-दीड तास एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो (गाव वसवायचं, फौज उभारायची आणि समोरच्याला हरवायचं, असा संगणकावरचा खेळ). हा खेळ मला माझ्या मावसभावाने, दादाने, मी शाळेत असताना शिकवला. लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत, माझं रेटिंग ९८० च्या आसपास आहे, त्याचं १४३०. गेले तीन-चार महिने आम्ही आठवड्यातून दोनेकदा एकास एक सामने खेळतोय. तीसेक झाले असतील, मी दोन जिंकलो. त्यातल्या एकात त्याला मध्येच ऑफिसचा फोन आला होता. दादा म्हणतो, "आपल्याहून तगड्या माणसाशी खेळलास तरच शिकशील. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." मलाही ते पटलं, म्हणून लॅडर जवळजवळ बंद केलं. तिथे सगळे माझ्यासारखेच कच्चे भेटतात. पण सुधारणा शून्य. रीप्ले बघतो, त्यात आपली फौज मरताना पुन्हा एकदा दिसते, एवढंच. लढाईच्या ऐन वेळी माझे हातच चालत नाहीत. कदाचित तो वेग माझ्यात नाहीच. हरलो की चिडून लगेच दुसरा सामना मागतो आणि तोही घालवतो. खेळ सोडून देऊ, की सोप्या लोकांशी खेळून आधी आत्मविश्वास मिळवू? सोबत परवाच्या सामन्याचं रेकॉर्डिंग पाठवतोय. तिरंदाजांच्या एका लढाईत सगळं संपलं.

उत्तर:

तीसात दोन. हा आकडा तुम्ही खाली मान घालून लिहिलेला दिसतो. मला मात्र पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लॅडरचं रेटिंग इलो पद्धतीचं आहे. आर्पाड इलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती बुद्धिबळासाठी बसवली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये ती स्वीकारली आणि पुढे ती संगणकावरच्या खेळांतही आली. दोघांच्या रेटिंगमध्ये १०० चा फरक असेल तर कमी रेटिंगवाल्याने शंभरातले साधारण ३६ सामने जिंकावेत, असं हे गणित सांगतं. फरक २०० असेल तर २४, ४०० असेल तर ९. तुमच्यात आणि दादात ४५० चं अंतर आहे, म्हणजे शंभरात सात. तीसात दोन! फोनवाला सामना धरून तुम्ही अगदी अपेक्षेइतकेच जिंकलात. (आणि तो धराच. फोन उचलायचा की नाही हे दादाने ठरवलं, तुम्ही नाही.)

याचा अर्थ असा की ज्या निकालावरून तुम्ही स्वतःला नापास करताय, तो निकाल पहिला सामना सुरू व्हायच्या आधीच बराचसा ठरलेला होता. यातला खरा घोळ आणखी पुढे आहे. समजा या तीन-चार महिन्यांत तुम्ही ५० गुणांनी सुधारलात आणि अंतर ४०० वर आलं. मग तीसात किती जिंकाल? पावणेतीन. दोनाचे पावणेतीन झालेले कुणाच्या लक्षात येणार? "सुधारणा शून्य" असं तुम्ही लिहिता, पण ज्या मापाने मोजताय त्यावर एवढी सुधारणा दिसूच शकत नाही. तुम्ही सुधारलात असं मी म्हणत नाही. तुम्हाला आणि मला ते माहीत नाही, एवढंच.

आता दादाच्या म्हणीकडे येते. टाकीचे घाव खरेच, पण घाव घालणारा पाथरवट प्रत्येक ठोक्याला बघत असतो, कुठे किती उडालं. न बघता घातलेल्या घावांनी मूर्ती होत नाही, खडी होते. तुमच्या संध्याकाळच्या सामन्यांत ठोके आहेत, बघणारं कुणी नाही. दादा जिंकण्यात गुंतलेला आणि तुम्ही वाचण्यात.

शिवाय अंतर जितकं मोठं तितकं बघणंही अवघड होतं. तुमच्याहून १००-१५० गुणांनी वरचा खेळाडू तुम्हाला हरवतो तेव्हा बहुतेक वेळा एखाददुसरीच चूक महागात पडलेली असते: भिंत एका बाजूला उघडी राहिली, किंवा त्याने घोडेस्वार आणले आणि तुमचे भालेवाले उशिरा निघाले. तो सामना काय विचारत होता ते कळतं. ४५० गुणांनी वरचा खेळाडू एकाच सामन्यात तुमच्या दहा चुका वसूल करतो आणि त्या एकमेकींत अशा मिसळतात की कुठली मोठी, कुठली किरकोळ, काही सुचत नाही. मग माणूस जे सगळ्यात ठळक दिसलं त्याला कारण समजतो. तुमच्या बाबतीत ती तिरंदाजांची लढाई.

रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिलं. पंधराव्या मिनिटाला तुमचे १० तिरंदाज आणि दादाचे १४, समोरासमोर, सपाट जमिनीवर. दोघांचंही फ्लेचिंग (बाणांचा मारा आणि पल्ला वाढवणारी सुधारणा) झालेलं, म्हणजे मारा सारखा आणि पल्लाही सारखा. लढाई संपली तेव्हा तुमचा एकही उरला नव्हता आणि त्याचे नऊ उभे होते. साहजिकच तुम्हाला वाटलं, चारचाच तर फरक होता, तरी नऊ उरतात म्हणजे माझं मायक्रो (लढाईत सैनिक हाताळण्याचं कसब) भिकार आहे.

तसं नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक नियम मांडला होता: लांबून मारा करणाऱ्या दोन फौजा भिडतात तेव्हा ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरावी. कारण सोपं आहे. जास्त असलेली बाजू जास्त बाण सोडते, त्यामुळे समोरचे लवकर कमी होतात, मग तिकडून बाण कमी येतात, आणि ही दरी दर सेकंदाला रुंदावत जाते. १४ चा वर्ग १९६, १० चा १००. उरले ९६, त्याचं वर्गमूळ पावणेदहाच्या जरासं वर. दोघांनी काहीही शहाणपणा न करता नुसते तिरंदाज भिडवले असते तरी दादाचे नऊ-दहा उरलेच असते. प्रत्यक्षात नऊ उरले. म्हणजे त्या लढाईत तुमचे हात दादाच्या हातांपेक्षा वाईट चालले नाहीत, झालाच तर किंचित बरेच चालले. (हा नियम सगळीकडे लावू नका. भालेवाले-घोडेस्वार अशा जवळून लढणाऱ्यांत सगळ्यांना एकदम हात घालता येत नाही, तिथे तो ढिला पडतो. कोणी टेकडीवर उभं असेल तरीही हिशेब बदलतो, कारण या खेळात वरून मारणाऱ्याचा मारा २५ टक्के वाढतो.)

तेव्हा खरा प्रश्न लढाईचा नाही. तुमच्याकडे चार तिरंदाज कमी का होते, हा आहे. त्याचं उत्तर पंधराव्या मिनिटाच्या खूप आधी सापडलं.

पावणेपाच मिनिटांच्या सुमारास तुमची लोकसंख्या १५ आणि घरांची जागाही १५. जागा नाही म्हणून टाउन सेंटर (जिथे व्हिलेजर, म्हणजे कामकरी, तयार होतात ती मुख्य इमारत) थांबलं. एक व्हिलेजर लाकूड टाकून चालत निघाला, घर बांधायला लागला, तोवर ३५ सेकंद गेले. दहाव्या मिनिटाला तुम्ही फ्युडल एजमध्ये (खेळातल्या दुसऱ्या युगात) पोचलात आणि नजर स्काउटच्या (टेहळणीच्या घोडेस्वाराच्या) मागे दादाच्या गावाकडे गेली. टाउन सेंटर ४० सेकंद रिकामं. त्यानंतर थोड्याच वेळात दादाचे दोन तिरंदाज तुमच्या लाकूडतोड्यांवर आले. तुम्ही घाबरून सगळे आत घेतले, बाहेर सोडले, पुन्हा आत घेतले, आणि या गडबडीत नवा व्हिलेजर सांगायचाच राहिला. ५० सेकंद. सगळे मिळून १२५. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात, म्हणजे पाच व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत.

पाचांनी काय एवढं बिघडतं? चालण्यात जाणारा वेळ धरून एक व्हिलेजर मिनिटाला वीसेक लाकूड किंवा सोनं आणतो असं धरू. हे पाचजण वेगवेगळ्या वेळी राहिले, पण लढाईपर्यंत त्यांना सरासरी सहा मिनिटं मिळाली असती. पाच गुणिले वीस गुणिले सहा म्हणजे ६००. त्यांना तयार करायला लागणारं प्रत्येकी ५० अन्न वजा करा, ३५० उरतात. एक तिरंदाज २५ लाकूड आणि ४५ सोन्याचा, म्हणजे सत्तरचा. भागाकार करून बघा: पाच तिरंदाज. तुम्हाला चार कमी पडले होते.

हिशेब ढोबळ आहे, मान्य. अन्न आणि सोनं मी एकाच तराजूत टाकलं. पण कारणांची साखळी खरी आहे. तिसरं घर उशिरा झालं, ते दहा मिनिटांनी लढाईत दिसलं, आणि ज्या जागी दिसलं तिथेच तुम्ही कारण शोधत बसलात. या प्रकारच्या खेळांत पराभवातून शिकणं अवघड जातं ते मुख्यतः यामुळे. शिक्षा होते ती जागा वेगळी, गुन्हा घडतो ती वेगळी.

"माझे हात चालत नाहीत" हे दुखणं मला अनेक वाचक कळवतात, म्हणून त्याबद्दलही थोडं. टाउन सेंटर सतत चालू ठेवायला किती वेग लागतो? २५ सेकंदांना एक व्हिलेजर, म्हणजे मिनिटाला अडीचही नाहीत. प्रत्येकासाठी दोन हॉटकी: एक टाउन सेंटर निवडायची, दुसरी व्हिलेजर सांगायची. मिनिटाला पाच कळा. शिवाय दोन-तीन व्हिलेजर रांगेत लावून ठेवता येतात, मग तेवढंही नाही. आणि एका घरात पाच माणसं मावतात, म्हणून नुसत्या टाउन सेंटरसाठी धरलं तर दोन मिनिटांना एक घर पुरतं. फौज सुरू झाली की जरा जास्त. यात बोटांचा वेग कुठे आला? यात आठवण आली, तीही तिरंदाज येऊन धडकलेले असताना टिकणारी. ती सवयीने येते. व्यावसायिक खेळाडूंचे व्हिडिओ बघून आपल्यालाही तेवढ्याच कळा दाबायच्या आहेत असं वाटायला लागतं. ते बघा, मजा येते, पण तुमची अडचण त्यात नाही.

आता रीप्लेबद्दल. तुम्ही तो सिनेमासारखा पाहता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, स्वतःच्या बाजूने. त्यातून काही हाती लागत नाही, कारण डोळे पुन्हा तिकडेच जातात जिकडे सामन्यात गेले होते. त्याऐवजी सामना संपल्या संपल्या, रीप्ले उघडायच्या आधी, कागदावर एक ओळ लिहा: मी का हरलो असं मला वाटतं. मग रीप्ले उघडून फक्त ठरावीक वेळी थांबा, पाच मिनिटं, आठ, दहा, बारा. प्रत्येक थांब्यावर दोघांचे व्हिलेजर किती ते टिपा, बाकी काही नाही. ज्या थांब्यावर आकडे पहिल्यांदा फाकतात, तिथून मागे जाऊन बघा की टाउन सेंटर कशामुळे थांबलं. व्हिलेजर बरोबरीत असतील आणि तरीही हरला असाल, तरच पुढचं बघायचं: फौजेचा प्रकार, अपग्रेड, लढाईची जागा. शेवटी कागदावरची ओळ खरी ठरली का ते पाहा. सुरुवातीला ती बहुतेक वेळा खोटी ठरेल. आपला अंदाज आणि घडलेली गोष्ट यांतलं अंतर कमी होत जाताना दिसणं, ही रेटिंगपेक्षा आधी कळणारी प्रगती आहे.

दुसऱ्या वेळी तोच रीप्ले दादाच्या नजरेतून लावा, त्याला जेवढा नकाशा दिसत होता तेवढाच ठेवून. त्याला तुमच्याबद्दल काय माहीत होतं? परवाच्या सामन्यात त्याच्या स्काउटने सहाव्या मिनिटापासून तुमच्या गावाभोवती तीन फेऱ्या मारल्या. तुमचा तिरंदाजीचा तळ उभा राहायच्या आधीच त्याला कळलं होतं की तो येणार. तुम्हाला त्याचे तिरंदाज कधी कळले? ते लाकूडतोड्यांवर आले तेव्हा.

एक व्यवहारातली गोष्ट: रेकॉर्डिंग साठवून "कधीतरी बघू" म्हणू नका. या फायलींत चित्रफीत नसते, दिलेल्या आज्ञा तेवढ्या नोंदलेल्या असतात आणि खेळ त्या पुन्हा चालवून दाखवतो. खेळाचं नवं अपडेट आलं की जुन्या फायली बरेचदा नीट उघडत नाहीत. बघायचं तर त्याच आठवड्यात.

स्टारक्राफ्ट २ हा याच जातीचा खेळ खेळणाऱ्यांनी वरचं सगळं आपल्या शब्दांत वाचावं. तिथे २०१५ पासून सुरुवातीलाच १२ कामगार मिळतात आणि सगळंच जास्त वेगाने पळतं, पण सप्लाय ब्लॉक (जागा संपल्याने नवी माणसं तयार होणं थांबतं तो) हा आजार तोच, आणि तोही लढाईत हरेपर्यंत दिसत नाही.

आता दादा. तुमच्या पत्रातून तो चांगला माणूस वाटतो आणि तुमच्यासाठी वेळ काढतो, हे लहान नाही. पण चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं नाही. सामन्यानंतर तो नेहमी काय म्हणतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी मी पैज लावते की "तुझी इकॉनॉमी कमी पडली" असंच काहीतरी म्हणत असेल. ते खरं असतं आणि निरुपयोगीही. त्याला पुढच्या वेळी दुसरा प्रश्न विचारा: "हा सामना आपण जिंकणार, हे तुला कोणत्या मिनिटाला कळलं? आणि कशावरून?" त्याला आठवून सांगावं लागेल, कदाचित रीप्ले उघडून दाखवावंही लागेल. तो लढाईच्या बऱ्याच आधीचं मिनिट सांगेल असा माझा अंदाज आहे. त्याने काय पाहून ते ओळखलं, ते तुमच्यासाठी त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाक्य असेल.

आणि त्याला सांगा की दर वेळी जिंकायला खेळू नकोस. २०१९ मध्ये डीपमाइंड या गुगलच्या एआय कंपनीच्या अल्फास्टार या प्रणालीने स्टारक्राफ्ट २ मध्ये ग्रँडमास्टर पातळी गाठली, लॅडरवरच्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर. तिला शिकवताना तिच्या अनेक आवृत्त्या एकमेकींशी खेळवत होते, आणि त्यातल्या काहींना सगळ्यांना हरवायचं कामच दिलेलं नव्हतं. मुख्य आवृत्तीतलं भगदाड शोधायचं आणि त्यातच पुन्हा पुन्हा घुसायचं, बस. दादाला हे काम द्या. एका संध्याकाळी त्याने फक्त स्काउट रश (सुरुवातीलाच घोडेस्वारांचा हल्ला) करायचा, प्रत्येक सामन्यात तोच, जमेल तितक्या सारख्या वेळी. तुम्हाला माहीत आहे की घोडेस्वार येणार, त्यामुळे भालेवाले कधी आणि कुठे हा एकच प्रश्न उरतो. पंधराव्या मिनिटाला सामना बंद, कोण जिंकत होतं ते बघायचं नाही. पहिल्यांदा तुमचे तीन व्हिलेजर मरतील, मग दोन, मग एखाद्या वेळी एकही नाही. असा सामना हरलात तरी कुठे हरलात हे लगेच कळतं, कारण बदललेली गोष्ट एकच असते. दादाला कंटाळा येईल, पण भावासाठी महिन्यातून दोन संध्याकाळी काढायला हरकत नसावी. बाकीच्या वेळी तुम्ही दोघं एकाच बाजूने खेळा. या खेळात दोघांनी एकाच क्रमांकाचा खेळाडू निवडला तर एकच गाव दोघं मिळून चालवता येतं. त्याचा हात कधी कुठे जातो हे तुम्हाला सामना चालू असतानाच दिसेल.

लॅडर बंद करण्याचा निर्णय मात्र मला चुकीचा वाटतो. तिथे तुमच्यासारखेच लोक भेटतात ही तक्रार नसून सोय आहे. जुळणी करणारी यंत्रणा मुळात निम्मे सामने जिंकाल, निम्मे हराल अशा बेताने जोड्या लावते. १४३० वाला दादाही तिथे साधारण निम्मे हरतो, त्याला विचारून बघा. त्या पराभवांतून तो शिकतो, तुमच्यावरच्या विजयांतून नाही. तुमच्या रेटिंगला ९०० ते ११०० चे लोक मिळतील. त्यातले वरचे हरवतील तेव्हा कारण समजेल, आणि खालच्यांना हरवाल तेव्हा कळेल की काय पक्कं झालंय.

मग "सोप्या लोकांशी खेळून आत्मविश्वास" हा पर्याय? थोडा चालेल. नवा बिल्ड ऑर्डर (सुरुवातीला काय कधी बांधायचं याचा ठरलेला क्रम) बसवताना दोन-चार सामने संगणकाशी किंवा नवख्यांशी खेळणं यात कमीपणा नाही. पण तिथे मुक्काम केलात तर वाईट सवयींना बक्षीस मिळतं. भिंत न बांधता, न बघता, टाउन सेंटर अर्धा वेळ झोपवून तुम्ही जिंकाल, आणि जिंकलेल्या सामन्याचा रीप्ले कोण उघडतं? मला विचाराल तर दहातले सात-आठ सामने लॅडरवर, एखाददुसरा दादाशी वर सांगितलेल्या ठरवलेल्या पद्धतीने, उरलेला मजेला.

एक महिनाभर एकच गोष्ट धरा. तुमच्या बाबतीत ती कोणती हे रेकॉर्डिंगने सांगितलंच आहे: कॅसल एजपर्यंत (तिसऱ्या युगापर्यंत) टाउन सेंटर रिकामं राहता कामा नये. सामना हरलात पण एकूण रिकामा वेळ १२५ वरून ७० सेकंदांवर आला, तर कागदावर तो सामना जिंकलेल्यांत लिहा. आणि तयारी ठेवा, पहिले काही दिवस रेटिंग घसरू शकतं. लक्ष घरांकडे आणि टाउन सेंटरकडे वळलं की लढाईतलं लक्ष कमी होणार, आत्ता जिंकता ते एक-दोन सामनेही जातील. तिथे घाबरून जुन्या पद्धतीवर परत गेलात तर महिना फुकट.

चिडून लगेच पुढचा सामना मागण्याबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर माझ्याकडे हुशारीचं उत्तर नाही. सलग दोन हरलात की त्या दिवशीचे सामने बंद, हा नियम आधीच करून ठेवा. रागात असताना नियम करता येत नाहीत. उरलेल्या वेळात रीप्लेचे चार थांबे बघा. नाही बघावंसं वाटलं तर नका बघू, उठा आणि दुसरं काही करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण शीर्षकातही आणि पत्रभरही दादाच आहे. तुम्हाला सुधारायचं आहे की दादाला हरवायचं आहे? दोन्ही इच्छा रास्त आहेत, फक्त त्यांचे रस्ते वेगळे आहेत. दादाला एकदा हरवणंच हवं असेल तर वरचं बरंचसं विसरा. त्याच्या सवयी लिहून काढा: तो कोणत्या बाजूला सगळ्यात शेवटी भिंत घालतो, फ्युडलमध्ये पहिला तळ कुठे टाकतो, डुकराला गावात ओढून आणताना किती बेसावध असतो. मग एकच लवकरचा, धोक्याचा डाव निवडा, टॉवर घेऊन त्याच्या दारात जाण्यासारखा, आणि तो संगणकावर पन्नास वेळा घासा. बहुतेक वेळा फसेल. ज्या वेळी साधेल त्या वेळी दादाचा चेहरा बघण्यासारखा असेल, आणि त्याच्या पुढच्या सामन्यात तो तयारीत असेल. त्यातून तुम्ही चांगले खेळाडू व्हाल का? थोडेसे. पण तुमची ती खरी इच्छा असेल तर उगाच "सुधारणा" या नावाखाली ती लपवू नका, कारण मग लॅडरवर २०० गुण वर जाऊनही तुम्हाला समाधान मिळणार नाही.

खेळ सोडण्याबद्दल: हरताय म्हणून आज सोडू नका, कारण तुम्ही हरताय यातून अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. महिनाभर हे करून बघा. त्यानंतर टाउन सेंटर सतत चालू आहे, रेटिंग वर चाललंय आणि तरीही संध्याकाळी खेळ उघडताना नको वाटतं, असं झालं तर खुशाल सोडा. दादाशी बोलायला तुम्हाला दुसरे विषय असतीलच.